तीन रात्री वास आला नाही

वनमालामावशींचा हात आज दोनदा मध्येच थांबला. पहिल्यांदा बाळ त्यांच्या पायांवर पालथं होतं आणि त्या पाठीला तेल लावत होत्या. हात पाठीवर तसाच राहिला, नजर नळाकडे. दुसऱ्यांदा, अंघोळ आटपून बाळ माझ्या हातात दिल्यावर, त्यांनी बाथरूमच्या भिंतीला डोकं टेकलं आणि डोळे मिटले. फार तर मिनिटभर. मग उठल्या, पाट धुऊन उभा केला, चहा नको म्हणाल्या आणि गेल्या. सकाळपासून ते मिनिट माझ्या डोक्यातून जात नाही. बत्तीस वर्षं मी या बाईला ओळखते. बाळ पायांवर असताना त्यांचा हात थांबलेला मी कधी पाहिला नव्हता.

"काय झालं मावशी?" मी विचारलं.

"काय्येक नाय गो रश्मी. थंडी बाधली. यंदा जरा जास्तच आसा."

यंदा थंडी आहे हे खरं. पण थंडी बाधलेल्या माणसाच्या कपाळावर असा घाम नसतो.

कांजूरमार्ग पूर्वेला आमच्या भागात ज्या घरी बाळ येतं त्या घरी आठवड्याभरात वनमालामावशी पोचतात. बाळाला तेल लावून न्हाऊ घालायचं, बाळंतिणीचं अंग रगडायचं, पोट बांधायचं, कपड्यांना धुरी द्यायची, हे त्यांचं काम. लग्न होऊन मालवणकडून आल्या तेव्हा एकोणीस वर्षांच्या होत्या. नवरा राजाराम गिरणीत होता. संपानंतर गिरणी उघडलीच नाही, तेव्हा सासूकडून शिकलेलं हे काम त्यांनी धरलं आणि अजून सोडलेलं नाही. आता वय सदुसष्ट. राजाराम जाऊन दहा वर्षं झाली. मुलगा नितेश सुरतेला असतो, रविवारी फोन करतो. मावशी चाळीतल्या एका खोलीत एकट्या राहतात. आमच्या इमारतीपासून चालत बारा मिनिटं. साखरेची गोळी चालू आहे, ती कधी घेतात, कधी विसरतात.

माझी मनाली जन्मली तेव्हा मी चोवीस वर्षांची होते, आणि बाळाला उचलायचीसुद्धा भीती वाटायची. मावशींनी पहिल्या दिवशी तिला दोन्ही पायांवर आडवी टाकली, आणि मी किंचाळले. "तू भायेर जा," त्या म्हणाल्या. "बाळ रडता त्यापेक्षा तूच जास्त रडतंस." आता त्याच मनालीची मुलगी त्यांच्या पायांवर असते. बाळाशी त्यांचं सतत बोलणं चालू. "कोणावर गेलंस गो? आजयेवर जाव नको हां, ती भियता." मी दारात उभी असते, मला ऐकू यावं म्हणूनच म्हणतात.

मावशी बाळाची तब्येत हातांनी आणि नाकानं तपासतात. पोटावर मनगट ठेवतात, तळपाय चिमटीत धरून पाहतात, आणि अंघोळीच्या आधी मानेच्या वळीत नाक घालतात. दूध ओघळून तिथे साठलं असेल तर लगेच आमच्यावर उखडतात. "रात्री पुसलंत नाय. आंबट झालाय सगळा." मनालीला हे कळत नाही. तिला कितीही हुंगलं तरी बाळाचाच वास येतो.

बाळ आज सतरा दिवसांचं आहे. तीन आठवडे आधी आलं, सव्वादोन किलोचं. पहिले चार दिवस काचेच्या पेटीत होतं. घरी सोडताना हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी मनालीला एक पथ्य पुन्हा पुन्हा सांगितलं. सर्दी-ताप असलेल्या कुणालाही हिच्याजवळ येऊ देऊ नका, घरचा असला तरी. हिला साधा तापसुद्धा परवडणार नाही.

आणि उद्या सकाळी आठ वाजता वनमालामावशी येणार आहेत.

त्यांना नको म्हणायचं, यात अवघड काय, असं कुणालाही वाटेल. अवघड का आहे ते सांगते.

दोन हजार वीसच्या ऑक्टोबरात टाळेबंदी सैल झाली आणि मावशी पुन्हा कामाला लागल्या. आमच्याच इमारतीत सहाव्या मजल्यावर मीरा राहते, तिला तेव्हा मुलगा झाला होता. मावशी तिच्याकडून परतताना माझ्याकडे पाणी प्यायला थांबल्या. पाण्याचा पेला देताना बोटं बोटांना लागली. चांगलीच गरम होती. त्या काळात आपण सगळेच लक्षणांच्या याद्या पाठ करून बसलो होतो. ताप, खोकला, थकवा. मावशींना ताप होता, थकवा होता. मी इमारतीच्या बायकांच्या ग्रुपवर एक ओळ लिहिली: "मीरा, वनमालामावशींचं अंग गरम लागलं, बघ हं." मीराला एकटीला पाठवता आलं असतं.

दुपारपर्यंत त्या ओळीचं "मालीशवालीला कोरोना" झालं होतं. संध्याकाळी ते त्यांच्या चाळीत पोचलं, आणि चाळीतल्याच लोकांनी फोन करून गाडी बोलावली. मावशी पाच दिवस विलगीकरण केंद्रात राहिल्या. चाचणीत कोरोना निघाला नाही. तिथल्या डॉक्टरांनी साधा फ्लू म्हणून सांगितलं, गोळ्या देऊन घरी पाठवलं. त्या कागदाची घडी मावशी पुढे किती तरी दिवस पिशवीत बाळगायच्या, कुणी विचारलं तर दाखवायला. कुणी विचारलं नाही. कुणी बोलावलंही नाही. चौदा महिने या बाईच्या पायांवर एकही बाळ आलं नाही. त्या भांडुपला एका शेडमध्ये कोळंबी सोलायला जायच्या. एकदा बाजारात भेटल्या तेव्हा हात पदराखाली घेऊन उभ्या राहिल्या. बोटांच्या पेरांना चिरा पडल्या होत्या.

ती ओळ कुणी लिहिली हे त्यांना ठाऊक आहे की नाही, मला माहीत नाही. त्या कधी बोलल्या नाहीत. मीही नाही. पुढे माझ्या भाचीला मुलगी झाली तेव्हा मी त्यांना बोलावलं, आणि तिथून त्यांची घरं पुन्हा सुरू झाली. मला वाटलं, झालं, फिटलं. पण त्या वेळी त्या एक गोष्ट शिकल्या होत्या, ती या आठवड्यात माझ्या लक्षात आली. ताप आला तर कुणाला सांगायचं नाही.

सोमवारी सकाळी त्या आल्या त्याच मुळी हसत. "काल रात्री डम्पिंगचो वास नाय इलो गो. खिडकी उघडी टाकून झोपलंय."

आमच्याकडे हवेच्या गप्पा अशाच असतात. थंडीत रात्री कचऱ्याच्या डोंगराकडून वारा वळला की दहा-अकरानंतर वास उतरतो आणि पहाटेपर्यंत बसून राहतो. मावशींच्या खोलीची खिडकी त्याच बाजूला आहे, त्यांना तो आमच्या आधी येतो आणि आमच्यानंतर जातो. बाळ घरी आल्यापासून आम्ही रात्री सगळ्या खिडक्या घट्ट लावतो आणि फटीत ओला टॉवेल खोचतो. त्यामुळे वास आला की नाही हे मला कळायला मार्गच नव्हता. मी म्हटलं, "बरं झालं मावशी, एक रात्र तरी सुटलात."

त्या दिवशी त्यांना जरा दमल्यासारखं होतं, एवढंच. मास्क लावत होत्या. तो मी पहिल्या दिवशीच दिला होता. पण करवंटीचे निखारे फुंकताना तो हनुवटीवर ओढायच्या आणि पुन्हा वर घ्यायला विसरायच्या.

मंगळवारी पुन्हा, "कालपण नाय इलो." त्याच दुपारी मनालीला बाळाच्या मानेच्या वळीत दही झालेलं दूध सापडलं. आदल्या रात्रीचं, पिवळं पडलेलं. "मावशींनी बघितलं नाही वाटतं," ती म्हणाली. मी म्हटलं, वय झालं आता.

आज बुधवार. धुरीवरून आमचं आणि मावशींचं पहिल्या दिवशीच वाजलं होतं. बाळाला धूर द्यायचा नाही असं हॉस्पिटलात बजावून सांगितलं होतं. शेवटी तडजोड अशी झाली की बाळाला नाही, फक्त दुपट्यांना द्यायची, आणि तीही गॅलरीत दार लावून. आज मावशींनी शेगडीवर ओवा टाकला, वर टोपली पालथी घातली, त्यावर दुपटं पसरलं आणि शेजारी बसून राहिल्या. थोड्या वेळानं मनाली आतून ओरडली, "आई, काहीतरी जळतंय." मी धावले. दुपट्याचा कोपरा तपकिरी होऊन धुमसत होता, ओव्याचा कोळसा झाला होता. मावशी हातभर अंतरावर बसल्या होत्या, शेगडीकडे पाठ करून. मी दुपटं ओढलं तेव्हा त्यांनी वळून पाहिलं.

"अगो बाय," त्या म्हणाल्या. "माका समाजलाच नाय."

मग तेल, मग तो थांबलेला हात. जाताना जिन्याशी उभ्या राहून म्हणाल्या, "तीन रात्री झाल्या, वास नाय. देवान आयकला." आणि खाली उतरल्या. लिफ्ट आलेली असताना त्या का उतरून गेल्या, मला कळलं नाही. नंतर वाटलं, लिफ्टमध्ये आठव्या मजल्यावरचे देशमुख होते. मावशींना कुणाच्या शेजारी उभं राहायचं नसावं. खोकला आला असता तर?

संध्याकाळी मला राहवेना. स्टेशनजवळ डॉक्टर सुयोगचा दवाखाना आहे. तो मनालीच्या शाळेतला, मला काकू म्हणतो. नंबर लावून तासभर बसले. आत गेल्यावर मी थेट विचारलं, "फ्लू आणि कोरोना, घरच्या घरी कसा ओळखायचा?"

"दारात उभं राहून ओळखता आला असता तर मी एवढी वर्षं शिकलो कशाला काकू?" तो म्हणाला. "कुणाला झालंय?"

मी मावशींचं नाव सांगितलं. त्याचा चेहरा बदलला. "मला न्हाऊ घातलंय त्यांनी. आई अजून सांगते."

मग त्यानं नीट सांगितलं. फ्लू बऱ्याचदा अंगावर कोसळतो; सकाळी माणूस चालता-बोलता, संध्याकाळी पांघरुणात कुडकुडत असतो. कोरोना कधी कधी हळूहळू येतो, दोन दिवस नुसता थकवा, मग बाकीचं. "पण याच्या अगदी उलट झालेले पेशंटही माझ्याकडे आलेत. ताप दोन्हींत, खोकला दोन्हींत, अंगदुखी दोन्हींत. लक्षणांवर पैज लावायची नाही. टेस्ट करायची, विषय संपला."

"काहीच वेगळं नसतं?"

"नाक चोंदलेलं नसताना वास एकदम गेला, चव गेली, तर माझा संशय कोरोनाकडे जातो. पूर्वी हे खूप दिसायचं, हल्ली कमी झालंय. आणि वास शाबूत आहे म्हणून कोरोना नाही, असंही धरायचं नाही. त्यांचं नाक चोंदलंय का?"

"विचारलं नाही."

"विचारा. पण काकू, तुमचा प्रश्नच चुकतोय. समजा फ्लू निघाला, मग काय सतरा दिवसांचं बाळ देणार त्यांच्या हातात? बाळासाठी दोन्ही तितकेच वाईट. आणि मावशींचं वय काय, पासष्टच्या पुढे ना? साखर आहे? मग बाळाच्या आधी मला त्यांची काळजी वाटते. दोन्हींवर औषध आहे, पण ते पहिल्या काही दिवसांत सुरू व्हायला हवं. उद्या सकाळी त्यांना घेऊन या."

मी उठले तेव्हा त्यानं पाठीमागून हाक मारली. "आणि दम लागला, बोलताना मध्ये मध्ये थांबायला लागल्या, तर माझ्याकडे नको. सरळ हॉस्पिटल."

घरी येऊन साडेसातला मी मावशींना फोन लावला. बऱ्याच वेळानं उचलला.

"मावशी, नाक चोंदलंय का हो?"

"नाय. नाक मोकळा आसा."

"ताप?"

"ताप नाय." हे फार पटकन आलं.

"गोळी वगैरे घेतलीत?"

"डोक्यासाठी घेतलंय एक. सकाळी."

म्हणजे तो घाम. ताप गोळीनं उतरवून त्या माझ्याकडे आल्या होत्या. मी म्हटलं, "उद्या राहू दे ना मावशी. एक दिवस आराम करा."

"कित्याक?" आवाज एकदम कोरडा झाला. "कोण काय बोलला तुका?"

मी डॉक्टरांचं नाव काढू शकले असते. पण फोनच्या त्या टोकाला मला पिशवीतला घडी घातलेला कागद दिसला. मी म्हटलं, "नाही हो, कोण बोलणार. सहज म्हटलं. या तुम्ही."

"येतंय. आठ... वाजता. पाणी... तापत ठेव."

मला वाटलं टीव्ही लावला असेल, लक्ष तिकडे असेल.

जेवताना मी नंदूला, माझ्या नवऱ्याला, सगळं सांगितलं. नंदूकडे प्रत्येक गोष्टीवर तोडगा असतो. "सांग ना, आम्ही आठ दिवस अलिबागला चाललोय."

"सतरा दिवसांच्या बाळाला घेऊन? समुद्रात पोहायला?"

"मग सांग पाहुणे येतायत."

"बाबा, तुम्ही राहू द्या," मनाली म्हणाली. ती ताटावर वाकून एका हातानं जेवत होती, दुसऱ्या हातानं पाळणा हलवत होती. "आई, आपण टेस्ट किट मागवूया. दहा मिनिटांत येतं. सकाळी मावशींना म्हणायचं, नाकात काडी घाला, दोन रेघा आल्या तर घरी जा."

"दारात उभं करून?"

"मग काय पाटावर बसवून ओवाळायचं? माझं बाळ आहे ते."

"तुला माहीत नाही तेव्हा काय झालं होतं."

"माहीत आहे. तू दर वर्षी एकदा सांगतेस." मग ती पाणी प्यायली आणि घसा खाकरला. "घसा जरा खवखवतोय."

नंदू जेवायचा थांबला. मीही.

"असं काय बघताय दोघं? जागरणानं होतं तसं," ती म्हणाली, आणि पाळण्यावरचा हात तिनं हळूच मागे घेतला.

दहा वाजता मी बाळाचा ताप पाहिला. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. अकराला पुन्हा पाहिला. तेवढाच. दूध नीट पितंय. मनाली मास्क लावून पाजते आहे. तिच्यासाठी मास्क शोधायला मी कपाटाचा वरचा कप्पा उपसला. जुने सापडले, पण दोन कानांवरून घसरत होते, इलॅस्टिक सैल झालं होतं. एक खोका बंद होता, तो फोडला. मनालीनं किट मागवून स्वतःची टेस्ट केली. एक रेघ. किटच्या कागदावर लिहिलं आहे की सुरुवातीच्या दिवसांत एकच रेघ आली तर पुन्हा तपासा.

झोप लागणार नव्हती म्हणून फोन हातात घेतला आणि इमारतीचा ग्रुप उघडला. बाळ आल्यापासून मी तो उघडलाच नव्हता. दीडशेच्या वर मेसेज साठले होते. बहुतेक सगळे एकाच विषयावर.

रविवार रात्री अकरा दहा, मीरा: आज असह्य आहे, मुलगा उठून बसलाय. अकरा वीस, देशमुख: तक्रार नोंदवली, सगळ्यांनी नोंदवा. सोमवार पहाटे पाच: अजून गेलेला नाही. सोमवार रात्री पुन्हा. कुणी लिहिलं होतं, या थंडीतला सगळ्यात वाईट. मंगळवार रात्री कुणीतरी डोळे चुरचुरतात म्हणून लिहिलं होतं, त्याखाली बारा जणांचं "आम्हालाही".

मी तारखा दोनदा पाहिल्या. मग स्वयंपाकघरात गेले, दार ओढून घेतलं, फटीतला टॉवेल काढून खिडकी चार बोटं उघडली. वास तोंडावर आला. आजही आहे. इतका, की मी नाकाला पदर लावला आणि खिडकी घाईनं लावून टाकली.

रविवार, सोमवार, मंगळवार. या तिन्ही रात्री त्या खिडकी उघडी टाकून झोपल्या होत्या, आमच्यापेक्षा त्या डोंगराच्या जवळ. आणि सकाळी येऊन सांगत होत्या की वास नाही. नाक मोकळं आहे. जळणाऱ्या ओव्याच्या शेजारी बसून होत्या. मानेतलं आंबलेलं दूध त्यांना कळलं नाही. हे दुसऱ्या कुठल्याही गावात कुणाच्याही ध्यानात आलं असतं. आमच्याकडे वास नाही म्हटलं की आपण म्हणतो, बरं झालं. त्यांनी स्वतःही तेच म्हटलं, देवाचे आभार मानले.

याचा अर्थ कोरोनाच, असं नाही. सुयोगनं मला बजावलं होतं, पैज लावू नका. एकदा मी लावली होती. तरी आता माझं मन त्याच बाजूला झुकलंय, आणि आपण पुन्हा चुकतोय की या खेपेला बरोबर आहोत, हे मला कळत नाही.

आधी सुचलं ते ग्रुपवर लिहायचं. मावशी आमच्याकडून निघून साडेनऊला समोरच्या इमारतीत जातात, तिथे दोन महिन्यांचा मुलगा आहे. त्यांना कळायला हवं. "वनमालामावशींना" एवढं टाइप झालं आणि मी ते पुसलं. त्या घराला सकाळी मी स्वतः जाऊन सांगेन, एकट्या त्या आईला. मग मावशींना मेसेज करायचं ठरवलं, उद्या येऊ नका म्हणून. पण मावशी मेसेज वाचत नाहीत, नितेशनं पाठवलेले फोटो तेवढे मला दाखवतात. मग ठरवलं, सकाळी सात वाजता त्या निघायच्या आत त्यांच्या दारात जाऊन उभं राहायचं, सुयोगकडे घेऊन जायचं. हे ठरल्यावर जरा शांत वाटलं. बाळ सुरक्षित, मावशींची इज्जत शाबूत. मी हे लिहायला बसले.

लिहिता लिहिता साडेसातचा तो फोन जसा झाला तसा कागदावर उतरवला. येतंय. आठ. वाजता. पाणी. तापत ठेव. लिहून झाल्यावर मी तो मोठ्यानं वाचला. एवढंसं वाक्य कुणीही एका दमात म्हणतं. त्यांनी ते ठिकठिकाणी तोडलं होतं. टीव्हीचा आवाज नव्हता. आठवून पाहिलं, मागे कसलाच आवाज नव्हता. फक्त तुटलेल्या शब्दांच्या मधे काहीतरी होतं, आणि ते श्वास घेणं होतं.

दिवसभर मी बाळाचा विचार करत होते. फ्लू की कोरोना, आत घ्यायचं की नाही, काय सांगून टाळायचं. तिकडे सदुसष्ट वर्षांची, साखर असलेली बाई थंडीत उघड्या खिडकीखाली एकटी पडली आहे, ताप कुणाला सांगायचा नाही असं ठरवून. तिला हे ठरवायला कुणी शिकवलं, ते मला माहीत आहे.

मी आत जाऊन नंदूला हलवलं. "गाडीची चावी कुठे आहे?"

"आत्ता? किती वाजले?"

"पावणेएक. शर्ट घाल. मास्क टेबलावर आहेत."

"कुठे निघालीस?"

"मावशींना फोन करतेय. उचलला तरी जायचं, नाही उचलला तरी जायचं."

तो उठून बसला, काही विचारणार होता, मग चष्मा शोधायला लागला. पाळण्याच्या खोलीतून मनालीच्या खोकल्याचा आवाज आला, एकदाच.

पाच वर्षांपूर्वी ती ओळ मी लिहिली होती, हे मला त्यांना सांगायचं आहे. पण ते आज नाही, त्या बऱ्या झाल्यावर, समोर बसून. आत्ता फोन उचलला तर एवढंच विचारणार आहे की उठून दाराची कडी काढता येईल का. बाकी बोलू नका म्हणेन, दम राखून ठेवा. नंबर समोर आहे. लावते.